खाडीत उतरणाऱ्या ट्रेलरला अलॉय व्हील? : गॅरेजमधल्या प्रश्नाचा संशोधन-प्रश्न कसा होतो



पेट पास झाली, गाइडही मिळाले, आणि गाडी अडली ती सिनॉप्सिसपाशी. "विषय आहे, पण संशोधनाचा प्रश्न म्हणजे नेमकं काय?" ही अडचण बहुतेकांना येते. त्याची व्याख्या पुस्तकात असते, पण व्याख्या वाचून प्रश्न तयार करता येत नाही. म्हणून आज एक साधा, गॅरेजमध्ये विचारला जाणारा प्रश्न घेऊ आणि कांद्यासारखा सोलत जाऊ :

खाऱ्या पाण्यात उतरणाऱ्या बोटीच्या ट्रेलरला अलॉय व्हील लावावीत का?

रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र किंवा मटेरियल सायन्सवाल्यांना हा लेख थेट उपयोगी पडेल. बाकीच्यांनी धातूंची नावं बाजूला ठेवून फक्त विचार कसा पुढे सरकतो ते पाहावं.

हा प्रश्न आपल्याकडचा आहे का?

ठाणे, कळवा, डोंबिवली, कल्याण ही सगळी खाडीकाठची गावं. इथले कोळी बांधव होडी पाण्यातच किंवा काठावरच ठेवतात, त्यांना ट्रेलर लागत नाही. ट्रेलर लागतो तो रस्त्याने न्यायच्या बोटींना : बचावकार्याच्या, वॉटर स्पोर्ट्सच्या. असा ट्रेलर गाडीने मागे ढकलत उतारावरून पाण्यात नेतात, बोट तरंगेपर्यंत. म्हणजे चाक, हब, बेअरिंग, नट सगळं पाण्याखाली जातं. बोट सुटली की ट्रेलर बाहेर येतो आणि तसाच ओला रस्त्याला लागतो.

यात पणाला काय लागलेलं असतं, ते आपल्या भागाला वेगळं सांगायला नको. २७ जुलै २०१९ ला उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान अडकली आणि एक हजाराहून जास्त प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. त्या दिवशी कुठली बोट कशावरून आली, हा इथला मुद्दा नाही. मुद्दा असा की बचावाची बोट वर्षातले बरेच महिने उभी असते आणि एका रात्री अचानक लागते. त्या रात्री टायरमधली हवा गेलेली असेल किंवा नट हबला चिकटून बसलेले असतील, तर बोट कितीही चांगली असो, ती जागेवरच राहते.

पहिली पायरी : प्रश्नातली खोट शोधा

दुकानात दोन ठाम मतं ऐकू येतात. एक, "अलॉय म्हणजे ॲल्युमिनियम, ते गंजत नाही, बिनधास्त लावा." दुसरं, "खाऱ्या पाण्यात अलॉय सहा महिन्यांत सडतं, लोखंडीच बरं." दोन्ही मतं अनुभवातून आलेली असतात, म्हणून दोन्ही खोटी म्हणता येत नाहीत. एकाच गोष्टीबद्दल दोन प्रामाणिक माणसं उलट बोलत असतील, तर बहुधा प्रश्नातच काहीतरी राहून गेलेलं असतं. संशोधनाची जागा तिथे असते.

इथे काय राहून गेलं? आपण चाकाबद्दल बोलतोय, पण चाक एकटं नसतं. ॲल्युमिनियमचं चाक पोलादी हबवर बसतं, पोलादी नटांनी आवळलेलं असतं, शेजारी बिडाचा ब्रेक ड्रम असतो, आणि या सगळ्यांवर खारं पाणी. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले आणि वर मिठाचं पाणी, म्हणजे विजेचा घट तयार झाला.

घरी बघायचं असेल तर सोपं आहे. स्टीलच्या डब्यात खारट लोणचं भरा आणि वर ॲल्युमिनियम फॉइल अशी लावा, की ती लोणच्यालाही टेकेल आणि डब्याच्या कडेलाही. काही दिवसांत फॉइलला बारीक छिद्रं पडलेली दिसतील. तीच फॉइल काचेच्या बरणीवर लावली तर एवढं होणार नाही. फॉइल तीच, लोणचं तेच, फरक फक्त शेजाऱ्याचा. क्षरण हा नुसता धातूचा गुण नाही, तो जोडणीचा गुण आहे. आजच्या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

दुसरी पायरी : पाठ केलेला तक्ता तपासा

आता नेट-सेटवाले म्हणतील, हे तर सोपं आहे, विद्युत-रासायनिक श्रेणी बघू. प्रमाण विभव असे : ॲल्युमिनियम उणे १.६६ व्होल्ट, जस्त उणे ०.७६, लोखंड उणे ०.४४. म्हणजे तिघांत ॲल्युमिनियम सगळ्यात आधी झिजणार, अगदी जस्ताच्याही आधी.

उत्तरपत्रिकेत हे बरोबर, खाडीत चूक. तो तक्ता शुद्ध धातू, स्वतःच्याच आयनांचं ठरावीक तीव्रतेचं द्रावण, २५ अंश तापमान यासाठी आहे. प्रत्यक्षात ॲल्युमिनियमवर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा पापुद्रा असतो. त्यामुळे समुद्राच्या पाण्यात मोजलं की क्रम बदलतो. कॅलोमेल इलेक्ट्रोडच्या तुलनेत जस्त उणे १.० व्होल्टच्या आसपास येतं, ॲल्युमिनियमचे नेहमीचे मिश्रधातू उणे ०.७५ च्या आसपास, आणि साधं पोलाद उणे ०.६ ते ०.७ च्या दरम्यान. म्हणजे आधी जस्त, मग ॲल्युमिनियम, मग पोलाद. याला गॅल्व्हॅनिक श्रेणी म्हणतात आणि ती त्या-त्या पाण्यापुरतीच खरी असते.

मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी एक सूचना. शाळेत ॲनोडला 'धनाग्र' म्हणायला शिकलो, पण घटात ॲनोड हा ऋण टोक असतो. म्हणून इथे ॲनोड म्हणजे 'जिथे धातू विरघळतो ते ठिकाण', कॅथोड म्हणजे 'जिथे पाण्यातला ऑक्सिजन इलेक्ट्रॉन घेतो ते ठिकाण', एवढंच धरा. गोंधळ होणार नाही.

अजून एक गोष्ट बघा. ॲल्युमिनियम आणि पोलाद यांच्यात फरक जेमतेम ०.१ व्होल्टचा आहे. मग काळजी कशाला? कारण विभवातला फरक झीज कुणाची होणार ते सांगतो, किती वेगाने होणार ते सांगत नाही. वेग प्रवाहावर ठरतो, आणि तो प्रवाह किती जागेवर एकवटतो यावर.

तिसरी पायरी : कागदावर हिशोब करा

प्रयोगाआधी हिशोब करायची सवय लावा. समजा, चाक आणि हब यांच्यामध्ये फक्त १ मिलिअँपिअर प्रवाह वर्षभर वाहतोय. फॅराडेच्या नियमाने :

वर्षातला विद्युतभार सुमारे ३१,५०० कूलोम. त्याला ९६,४८५ ने आणि ॲल्युमिनियमच्या ३ इलेक्ट्रॉननी भागा, २७ ने गुणा. उत्तर येतं सुमारे २.९ ग्रॅम. घनता २.७ धरली तर साधारण १.१ घन सेंटिमीटर धातू गेला.

हा धातू १,००० चौरस सेंटिमीटरवर सारखा झिजला, तर जाडी ०.०११ मि.मी. ने कमी होईल, डोळ्याला दिसणारही नाही. पण तोच प्रवाह १ चौरस सेंटिमीटरच्या ओरखड्यावर एकवटला तर? ११ मि.मी.! चाक आरपार जाईल. प्रत्यक्षात आकडे असे टोकाचे येत नाहीत, कारण छोट्या जागेतून तेवढा प्रवाह टिकून राहणं अवघड असतं. पण दिशा हीच.

आता पहिल्या पायरीतली दोन्ही मतं खरी कशी, ते उलगडतं. एकाच्या चाकाचा रंग शाबूत होता, दुसऱ्याच्या चाकावर टायर बदलताना ओरखडे पडले होते.

यातून एक निष्कर्ष निघतो, आणि तो पहिल्यांदा ऐकताना उलटा वाटतो. दोन धातू जोडलेले असतील आणि रंग एकालाच लावायचा असेल, तर तो झिजणाऱ्याला नव्हे, न झिजणाऱ्याला लावा. फक्त ॲल्युमिनियम रंगवलं आणि हब-ड्रम उघडे ठेवले, तर एका बारीक ओरखड्यावर सगळ्या पोलादाचा भार पडतो. पोलाद रंगवलं तर कॅथोड लहान होतो आणि प्रवाहच घटतो. सगळ्यात चांगलं अर्थात दोन्ही रंगवणं.

चौथी पायरी : 'खारं पाणी' म्हणजे कोणतं?

बहुतेक शोधनिबंधांत 'समुद्राचं पाणी' म्हणून ३.५ टक्के मिठाचं द्रावण घेतात. सुरुवातीला ठीक आहे, कारण समुद्राच्या पाण्यात साधारण एका किलोला ३५ ग्रॅम क्षार असतात. पण आपली खाडी ३.५ टक्क्यांवर थांबलेली नसते. पावसाळ्यात उल्हासचं गोडं पाणी येतं आणि खारटपणा उतरतो, एप्रिल-मेमध्ये भरतीबरोबर खारं पाणी आतपर्यंत चढतं. त्यात शहराचं सांडपाणी. अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण करत येणारी वालधुनी त्याच उल्हासला मिळते. म्हणजे पाण्यात सल्फाइड आहे, अमोनिया आहे, ऑक्सिजन कमी-जास्त होतो, वर गाळ. ऑक्सिजन कमी झाला की कॅथोडचं काम मंदावतं, पण चाकाला चिकटलेल्या गाळाखाली आणि बाहेर ऑक्सिजनचा फरक पडला की तिथे नवीनच खड्डा सुरू होऊ शकतो.

म्हणून 'कल्याण खाडीचं पाणी' एवढं लिहून भागत नाही. नमुना कुठे घेतला, कोणत्या महिन्यात, भरतीला की ओहोटीला, त्याची विद्युतवाहकता, पीएच, विरघळलेला ऑक्सिजन, क्लोराइड किती, हे सगळं नोंदवा. यातलं बहुतेक एमएस्सीच्या प्रयोगशाळेत होतं. क्लोराइडसाठी मोहरचं अनुमापन पुरेसं आहे.

दुसरी गंमत वाळण्याची. ट्रेलर पाण्यात असतो वीस मिनिटं, मग उरलेला आठवडा तो कोरडा, असं वाटतं. पण पावसाळ्यात घरातल्या खड्या मिठाचं काय होतं ते आठवा. बरणीत पाणी सुटतं. मीठ साधारण ७५ टक्के आर्द्रतेपुढे हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. समुद्राच्या क्षारांतलं मॅग्नेशियम क्लोराइड तर ३३ टक्क्यांच्या आसपासच ओलं व्हायला लागतं. आपल्याकडे पावसाळ्यात आर्द्रता ८० च्या वर सहज असते. म्हणजे धुतलं नाही तर नटाच्या खाचेतलं ते 'वाळलेलं' मीठ ओलंच राहतं. घट चालूच.

आणि बादलीतलं पाणी व चाकावरचा पातळ ओलावा यातही फरक आहे. बादलीत प्रवाह दूरपर्यंत पसरतो, पातळ थरात तो जोडाच्या आसपासच राहतो. नुसतं बुडवून केलेला प्रयोग रस्त्यावरच्या चाकाबद्दल अर्धंच सांगतो.

पाचवी पायरी : प्रयोग किती दिवस?

आता या सगळ्यातला सर्वांत फसवा भाग. ट्रेलरचा सांगाडा आणि हब पुष्कळदा गॅल्वनाइज्ड असतात, म्हणजे पोलादावर जस्ताचा थर. गरम जस्तात बुडवून दिलेला थर साधारण ५० ते ८५ मायक्रोमीटरचा असतो.

वरची श्रेणी परत बघा : जस्त, ॲल्युमिनियम, पोलाद. अलॉय चाक गॅल्वनाइज्ड हबवर बसवलं तर आधी जस्त झिजेल आणि ॲल्युमिनियमला वाचवेल. पंधरा दिवसांचा प्रयोग केलात, तर निष्कर्ष लिहाल, "ही जोडी उत्तम आहे." आकडे खरे, आलेख सुंदर. पण जस्ताचा थर संपला की खालचं पोलाद उघडं पडतं आणि भूमिका बदलतात. आतापर्यंत ज्याला वाचवलं जात होतं ते ॲल्युमिनियम आता स्वतः झिजून पोलादाला वाचवायला लागतं. छोटा प्रयोग आणि मोठा प्रयोग एकमेकांच्या उलट उत्तर देतात, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात.

म्हणून सिनॉप्सिसमध्ये 'कालावधी : ३० दिवस' लिहिताना स्वतःला विचारा, हा आकडा यंत्रणेकडे बघून ठरवलाय की सबमिशनच्या तारखेकडे?

'मग वेग वाढवू' असं सुचेल. मिठाच्या धुक्याची एएसटीएम बी ११७ ही चाचणी प्रसिद्ध आहे : ५ टक्के मीठ, ३५ अंश, अखंड धुकं. एकाच प्रकारच्या दोन रंगांची तुलना करायला, कारखान्यात दर्जा तपासायला ती चांगली. पण त्यात वाळणं नाही, गाळ नाही, भरती-ओहोटी नाही. तिथले ५०० तास म्हणजे खाडीतली इतकी वर्षं, असं गणित मांडू नका. व्हायवात पहिला प्रश्न तिथेच येतो.

सहावी पायरी : आता प्रश्न पुन्हा लिहा

गॅरेजचा प्रश्न होता : अलॉय लावावं का?

संशोधनाचा प्रश्न असा होईल : चाकासाठी वापरला जाणारा ए-३५६ हा ओतीव ॲल्युमिनियम-सिलिकॉन मिश्रधातू साध्या आणि गॅल्वनाइज्ड पोलादाशी जोडलेला असताना, कल्याण खाडीच्या पाण्यात ओलं-कोरडं चक्र चालू ठेवल्यास, सहा महिन्यांत सर्वांत खोल खड्डा किती होतो, आणि जोड विद्युतरोधक केल्यास त्यात किती फरक पडतो?

लांबलचक आहे, पण त्यातला प्रत्येक शब्द काहीतरी ठरवतो. गट असे :

१. एकटं ॲल्युमिनियम
२. एकटं पोलाद
३. ॲल्युमिनियम आणि साधं पोलाद, जोडलेलं
४. तेच, पण मध्ये नायलॉनचा वॉशर आणि बोल्टला नायलॉनची नळी
५. ॲल्युमिनियम आणि गॅल्वनाइज्ड पोलाद, जोडलेलं

प्रत्येक गटात ३ नमुने, काढायच्या वेळा ३ (एक, तीन आणि सहा महिने). एकूण ५ × ३ × ३ = ४५ संच. यात 'ओरखडा असलेला रंग' हा एक घटक वाढवलात की आकडा लगेच ९० वर जातो. घटक वाढवायच्या आधी हा गुणाकार करा, नंतर नाही. दोन्ही धातूंच्या क्षेत्रफळाचं गुणोत्तर सगळ्या जोड्यांत सारखं ठेवा, नाहीतर तिसऱ्या पायरीतला हिशोब तुमचा सगळा निकाल बिघडवेल.

आणि मोजायचं काय? वजनातली घट सगळेच मोजतात, कारण तराजू जवळ असतो. पण वजन सरासरी सांगतं. रिम जिथे टायरच्या कडेला चिकटून हवा धरून ठेवते, तिथे एक बारीक, खोल खड्डा पुरतो हवा हळूहळू जायला. वजनात तो दिसणारच नाही. म्हणून इथे सरासरी झीज नाही, सर्वांत खोल खड्डा महत्त्वाचा. काय मोजायचं हे हाताशी असलेल्या उपकरणाने नाही, बिघाड कसा होतो याने ठरवा.

खरं तर अजून एक पाऊल मागे जायला हवं. चाक आधी जातं की बेअरिंग? रस्त्याने धावून तापलेला हब एकदम पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि ऑइल सीलमधून खारं पाणी आत ओढलं जाऊ शकतं. ग्रीस दुधट झालं की समजायचं, पाणी शिरलं. बेअरिंग जर चाकाच्या कितीतरी आधी जात असेल, तर चाकावरचा प्रबंध बरोबर असूनही ट्रेलरवाल्याच्या उपयोगाचा नसेल. प्रयोग सुरू करण्याआधी चार गॅरेजवाल्यांशी बोला. तेही प्राथमिक सर्वेक्षणच आहे.

एक जुना धडा

ब्रिटिश नौदलाने १७६१ मध्ये 'अलार्म' या लाकडी जहाजाच्या तळाला तांब्याचे पत्रे मारले. दोन वर्षांनी तपासलं तर लोखंडी खिळे खंगले होते. मात्र जिथे पत्रा आणि खिळा यांच्या मध्ये पत्र्याच्या वेष्टणाचा कागद राहून गेला होता, तिथले खिळे शाबूत होते. आपला चौथा गट तिथे चुकून घडला होता! पुढे १८२४ मध्ये हम्फ्री डेव्हीने उलटा उपाय सुचवला : तांबं वाचवायला त्याला लोखंडाचे किंवा जस्ताचे तुकडे जोडा. तांबं वाचलं. पण विरघळणाऱ्या तांब्यामुळेच तळावर शंख-शेवाळ धरत नव्हतं. झीज थांबली तशी ती वाढली आणि जहाजं संथ झाली. मोजत होतो ते सुधारलं, हवं होतं ते बिघडलं.

मग ट्रेलरवाल्याला सांगायचं काय?

प्रबंध होईपर्यंत तो थांबणार नाही. आजच्या ज्ञानावर एवढं नक्की सांगता येतं :

– वारंवार खाऱ्या पाण्यात जाणाऱ्या, विशेषतः बचावाच्या ट्रेलरला गॅल्वनाइज्ड पोलादी चाक हा जास्त भरवशाचा पर्याय. तेही झिजतं, पण बरंचसं डोळ्यांदेखत.
– अलॉय बसवलेलंच असेल तर हबचा चेहराही रंगवलेला हवा, ओरखडे लगेच भरावेत, आणि प्रत्येक वेळी गोड्या पाण्याने धुवावं, नटांच्या खाचांसकट.
– चाक अधूनमधून उतरवून परत बसवावं. पांढरी पावडर दिसली तर जोड चिकटायला लागलाय.
– प्रयोगातला नायलॉन वॉशर रस्त्यावरच्या चाकाला कधीही लावू नये. तिथे नटाचा ताण महत्त्वाचा असतो, मऊ वॉशर दबला की नट सैल होतो. प्रयोगशाळेत चालणारा उपाय बाहेर धोक्याचा असू शकतो.
– चाकाची भार पेलण्याची क्षमता आणि नटाच्या बैठकीचा आकार जुळतोय का ते आधी बघावं. कारचं अलॉय बसतंय म्हणून चालतंच असं नाही.

या विषयात पुढे जायचं असेल तर दूर जायलाही नको. नौदलासाठी क्षरणावर काम करणारी डीआरडीओची नौदल पदार्थ संशोधन प्रयोगशाळा अंबरनाथलाच आहे. आयआयटी मुंबईच्या धातुशास्त्र विभागात क्षरणावर काम चालतं, आणि तमिळनाडूत कारैकुडीला केंद्रीय विद्युत-रासायनिक संशोधन संस्था आहे. त्यांचे निबंध वाचताना आजच्या सहा पायऱ्या लावून बघा.

आणि हा गृहपाठ. स्वतःचा सिनॉप्सिसमधला प्रश्न एका कागदावर लिहा आणि खाली चार ओळी : माझी वस्तू कशाला जोडलेली आहे? माझं 'खारं पाणी' नेमकं कोणतं? किती दिवसांनी उत्तर उलटू शकतं? आणि मी जे मोजतोय, त्यानेच बिघाड होतो का? चौथ्या ओळीवर पेन थांबलं तर वाईट वाटून घेऊ नका, पण गाइडना भेटायला जायच्या आधी ती ओळ पूर्ण करा.

पुढच्या लेखात : साहित्य-आढावा वाचताना दुसऱ्याच्या आलेखातला कालावधी आणि गुणोत्तर कसं तपासायचं.